कविता वाचता येत नाही, आणि विषय मराठी स्पेशल!

द्राक्षमळा | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एसवायला आहे, मराठी स्पेशल. गाव निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरच्या अलीकडे. नाशिकला कॉलेज रोडच्या मागे एका खोलीत आम्ही तिघी राहतो. मराठी घेतलं ते कादंबऱ्यांपायी. बारावीत हाताला लागेल ते वाचायचे, अगदी किराणा बांधून आलेला कागदसुद्धा. कविता मात्र दोन धड्यांच्या मधली लहान पानं, एवढंच तेव्हा वाटायचं.

गेल्या आठवड्यात बालकवींची 'औदुंबर' झाली. मॅडमनी वाचली आणि मला उभं केलं. "तुला काय दिसलं?" मी म्हटलं, "निसर्गाचं सुंदर चित्रण." "ते गाईडात आहे. तुला काय दिसलं?" मी गप्प. खरं सांगू का, मला काहीच दिसलं नव्हतं. झरा आहे, गाव आहे, पायवाट आहे, झाड आहे. बरं, मग? मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं आणि तास संपला.

खोलीवर येऊन दहा वेळा वाचली. पाठ झाली, पण आत काही हललं नाही. एक रूममेट म्हणते, कविता उपजत कळावी लागते, नाहीतर नाही. असं असेल तर माझं कठीण आहे. मला विचारायचंय ते एवढंच: कविता वाचायला शिकता येतं का? येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

कविता खाली देते, म्हणजे सगळ्यांसमोर राहील.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.


भुईनळा | रविवार, रात्री ११.१५

चार घरं, एक झरा, एक झाड. तलाठ्याचा पंचनामा आहे हा.

हलकेच घ्या. मी अंबडला एका कारखान्यात डिझाईनला आहे, कवितेशी संबंध दहावीत संपला. पण एक सांगतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगची शीट समोर आली तेव्हा मला नुसत्या रेघा दिसायच्या. तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कड, हे कोणी सांगेपर्यंत ती तुटक रेघच होती. आता शीट बघितली की भाग हातात धरल्यासारखा फिरवता येतो. ते काही उपजत आलं नाही. तेव्हा रूममेटचं ऐकू नका.


अबोली_क | रविवार, रात्री ११.४०

असहमत. कविता म्हणजे मशीनचा सुटा भाग नव्हे. ती चिरून बघितली की मरते. ताई, तू एवढा विचारच करू नकोस. शांत बस, डोळे मीट, अनुभव घे. कधीतरी आपोआप कळेल.


द्राक्षमळा | सोमवार, सकाळी ७.०५

अबोलीताई, डोळे मिटून बसले होते. झोप लागली.


तळटीप | सोमवार, सकाळी ९.३०

द्राक्षमळा, तुमच्या मॅडमचा प्रश्न चांगला होता. भर वर्गात उभं करून विचारला तेवढंच चुकलं.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली पहिली दहाएक वर्षं वाया घालवली असं आता वाटतं. कविता वाचायची आणि पाठोपाठ विचारायचं, 'कवीला काय म्हणायचंय?' अहो, त्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलंय की! वेगळ्या शब्दांत म्हणायचं असतं तर त्यानं वेगळे शब्द घेतले असते. हा प्रश्न विचारला की पोरं ओळींवरून घसरून थेट तात्पर्यावर जाऊन आदळतात. तुम्ही 'निसर्गाचं सुंदर चित्रण' म्हणालात ते त्यामुळेच. ते खोटं नाही, पण ते शंभर कवितांना चिकटवता येतं.

आता एक करा. अर्थ विसरा. वही घ्या आणि या आठ ओळींतली क्रियापदं एकाखाली एक लिहा. मीच लिहितो: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, मळे लागले, वाट पडते, तीच वाट चालते, काळिमा पसरते. सगळं कुठं ना कुठं निघालंय. शेवटचं क्रियापद कोणतं? बसला. आणि तिसरी ओळ नीट बघा. 'चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे.' हिला क्रियापदच नाही. गाव काही करत नाही, नुसतं आहे.

तसंच रंगांचं. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. सात ओळींत रंगांची रेलचेल. आठव्या ओळीत एकही रंग नाही. ज्याच्या नावाची कविता आहे त्या झाडाला रंग दिलेला नाही.

याचा अर्थ काय, ते मी सांगणार नाही. मात्र 'मला काहीच दिसलं नाही' असं आता तुम्हाला म्हणता येणार नाही.

दुसरं, मोठ्यानं वाचा. मनात वाचलेली कविता म्हणजे झाकलेलं ताट. खोलीत दोघी हसतील, हसू देत.

अबोलीताई, चिरफाडीबद्दल: गवयाला सा कुठला आणि रे कुठला हे कळतं, म्हणून त्याचं गाणं ऐकण्याचं सुख कमी झालेलं मी तरी पाहिलं नाही. वाढतंच.


झेरॉक्सवाला | सोमवार, दुपारी १.१०

सर, हे सगळं खरं, पण परीक्षेत काय लिहायचं? आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, असे दहावीपासून ठरलेले कप्पे आहेत. क्रियापदांची यादी कोणत्या कप्प्यात टाकायची? (टीवाय, मराठी. मीही त्याच होडीत.)


तळटीप | सोमवार, दुपारी २.००

भाषिक वैशिष्ट्यांत. कप्पे वाईट नसतात हो. रिकामे कप्पे गाईड बघून भरले की वाईट.


सिन्नरकर | सोमवार, रात्री ८.२०

मोठ्यानं वाचा यावर माझं एक. आमच्या सिन्नर तालुक्यात देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं गाव. दादा मोठेपणी अक्षरं शिकले. त्यांची गाणी माझ्या आजोबांना पाठ होती. आजोबा शाळेत गेलेले नव्हते, त्यांनी ती जलशात ऐकलेली. कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर भार द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नाही, ते ऐकताना आलं. मी एमएला ती गाणी पुस्तकात पहिल्यांदा वाचली तेव्हा पानावर ती मला किरकोळ वाटली, खोटं कशाला बोलू. मग आजोबांच्या आवाजात मनातल्या मनात म्हटली, आणि अंगावर काटा आला.

तेव्हा ताई, कविता आपल्याकडे आधी कानाची आहे, मग डोळ्यांची. जात्यावरच्या ओव्या घ्या, अभंग घ्या. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात, एखादीबरोबर दोन मैल चालून बघा. 'सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया.' सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड आहे, तिथं टाळ येतो आणि पाऊल पडतं. हे पुस्तकात वाचून पटायचं नाही.


भुईनळा | सोमवार, रात्री ९.४५

अक्षरं मोजायची असतात हे आधी का नाही सांगितलं? हे माझ्या हद्दीतलं आहे. 'औदुंबर'ची मोजली. ओळीओळीला वेगळी येतात. सदोष माल.


तळटीप | सोमवार, रात्री १०.१०

अभंगात अक्षरं मोजतात, इथं मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर पडत असेल तर त्या अक्षराच्या दोन: 'गर्दी'तल्या 'ग'च्या दोन होतात, 'हिरव्या'तल्या 'र'ची मात्र एकच, कारण म्हणताना तिथं जोर पडत नाही. ओळीचं शेवटचं अक्षर दीर्घ धरायचं. आता मोजा. हौस वाटली तर माधव जूलियनांचं 'छंदोरचना' मिळवा, पण ते झोपताना वाचायचं पुस्तक नव्हे.


भुईनळा | सोमवार, रात्री ११.५५

मोजलं. बायको विचारतेय पगाराचा हिशेब करताय का.

आठही ओळी २७ मात्रा. एकही चुकत नाही. आणि नुसत्या २७ नाहीत, तर ८ + ८ + ८ + ३. 'ऐल तटावर / पैल तटावर / हिरवाळी घे / उन.' 'चार घरांचे / गाव चिमुकले / पैल टेकडी / कडे.' मुंबईच्या लोकलसारखं, आठ-आठचे डबे आणि मागे तीनाचं शेपूट.

आता गंमत. डब्यांचे पहिले दोन जोड तपासले (तिसरा सोडा, तिथं शेपूट लागतं, औदुंबरसुद्धा तिथं तुटतो). सगळीकडे शब्द डब्याबरोबर संपतो. 'कुरणां / मधुनि' इथं जोड येतो, पण तिथं शब्द एका डब्यात आणि प्रत्यय दुसऱ्यात, एवढंच. अख्खा शब्द पोटातून तुटतो तो एकाच ठिकाणी: 'पायवाट पां / ढरी तयांतुनि.' म्हणजे सगळ्या कवितेत सरळ चाललेली गाडी जिथं हिसका खाते ती ओळ कोणती? जिथं वाट 'अडवी तिडवी' पडते ती!

हे मुद्दाम केलंय का?


तळटीप | मंगळवार, सकाळी ८.१५

वा! एकतीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मुद्दाम केलं असेल असं नाही. बालकवी कागदावर डबे आखत बसले नसतील. योगायोगही असेल. पण म्हणून बघा, जीभ तिथं किंचित वळसा घेते की नाही. कवीनं ठरवलं होतं का, यापेक्षा ओळीत ते घडतंय का, हे मला महत्त्वाचं वाटतं.


अबोली_क | मंगळवार, सकाळी १०.००

माफ करा, पण आता हे फार झालं. डबे, जोड, शेपूट. बालकवींना सत्तावीस मात्रांचा पुरस्कार द्यायचाय का? या कवितेत एक गूढ उदासी आहे, ती कोणत्या डब्यात बसते?


रेल्वेपास | मंगळवार, दुपारी १२.३०

अबोलीताईंना अनुमोदन. उदासीवरच बोलायचंय.

मी कामासाठी नाशिकरोड ते भुसावळ महिन्यातून दोनदा जातो. जळगाव सोडलं की भुसावळच्या आधी भादली लागतं, लहानसं स्टेशन, बऱ्याच गाड्या तिथं थांबतही नाहीत. तिथंच ५ मे १९१८ ला रेल्वेखाली बालकवी गेले. वय २७. धरणगावचा हा मुलगा, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' म्हणाले, आणि पुढं अकरा वर्षांत सगळं आटोपलं. भादली गेलं की मला ही कविता आठवते. पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे चालली आहे. याहून स्पष्ट काय असतं? डोह म्हणजे मृत्यू. औदुंबर म्हणजे तिथं शांतपणे पोचलेला माणूस.


मीना_मावशी | मंगळवार, दुपारी ३.४०

रेल्वेपासभाऊ, मलाही भादलीला गलबलतं. पण कविता लिहिताना कवीला भादली ठाऊक नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण मरणाची तारीख हातात घेऊन मागे जातो आणि प्रत्येक काळ्या शब्दाखाली ती ठेवून येतो. समजा हीच कविता ऐंशी वर्षं जगलेल्या, नातवंडं खेळवलेल्या कवीची असती, तर डोह मृत्यूच वाटला असता का? कदाचित वाटलाही असता. पण मग ते ओळींवरून दाखवावं लागलं असतं, रेल्वेच्या रुळांवरून नाही.

आणि त्या काळिमेला कवीनं 'गोड' म्हटलंय. तो शब्द तुम्ही उडी मारून ओलांडलात. मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आम्हाला शब्द गाळून चालत नाही.


रेल्वेपास | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

'गोड'ला मी अडलो हे मान्य. मृत्यू गोड असू शकत नाही का पण?


मीना_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

असू शकतो. मग तसं वाचा. मात्र 'डोह म्हणजे मृत्यू' असं समीकरण मांडून मोकळं होऊ नका. डोह आधी डोह आहे.

सार्वजनिक वाचनालयात मी जाते तेव्हा मुलं थेट समीक्षेच्या कपाटापाशी उभी दिसतात. एवढं १८४० सालापासूनचं वाचनालय, कवितासंग्रह धूळ खातात आणि कवितांवरची पुस्तकं फाटेस्तोवर फिरतात. द्राक्षमळा, तू कोशाच्या कपाटापाशी जा. मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश काढ. तुला माहीत आहेत असं तुला वाटतं तेच शब्द आधी बघ.


द्राक्षमळा | बुधवार, रात्री ९.३०

मावशी, तुमचं ऐकलं. 'बेट' काढायला गेले. म्हटलं बेट म्हणजे बेट, पाण्यानं वेढलेली जमीन. तेवढ्यात दादांचा (वडिलांचा) फोन आला, छाटणीच्या मजुरांचं काहीतरी सांगत होते. मी मधेच विचारलं, बेट म्हणजे काय हो? म्हणाले, "कशाचं? बांबूचं का?"

मी उडालेच. आमच्या बांधावर बांबूचं बेट आहे! लहानपणापासून 'बेटातला बांबू तोडून आण' हे ऐकतेय, आणि कवितेत मात्र मला समुद्रातलं बेट दिसत होतं. कोशात दोन्ही अर्थ आहेत. पण एवढासा झरा, त्यात बेटं कुठून येणार? दाट झाडीच्या गचपणांमधून वाट काढत तो येतोय. म्हणजे तो मधेमधे दिसतो आणि मधेमधे नाहीसा होतो. निळा आणि सावळा त्यामुळे असेल का? उन्हात निळा, बेटातल्या सावलीत सावळा?

दादांना सगळी कविता वाचून दाखवली. ते म्हणाले, "उंबर ना? पाण्याशीच असतो तो. धरणाच्या फुगवट्यात नाही का बघितला, खोड बुडालेलं असतं, नि वर चांगला हिरवा." आणि ट्रॅक्टर आला म्हणून फोन ठेवला.


तळटीप | बुधवार, रात्री १०.००

तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा. बेटात समुद्र पाहणारी तुम्ही एकट्या नव्हेत.


भुईनळा | बुधवार, रात्री १०.२०

एक शंका. 'बसला असला औदुंबर' यात 'असला' कशाला? मात्रा भरायला घातलाय? आमच्याकडे त्याला शिम म्हणतात, फट राहिली की पत्रा घालायचा.


तळटीप | गुरुवार, सकाळी ९.००

चांगली शंका. तुमच्याच डब्यांवरून सोडवू. 'पाय टाकुनी / जळांत बसला / असला औदुं / बर.' जोड 'बसला'च्या नंतर आहे. म्हणजे तिथं क्षणभर थांबून 'असला औदुंबर' एकत्र म्हणायचं. असला, म्हणजे असा, या तऱ्हेचा. आतापर्यंत सांगणारा कुठं दिसत नाही, सगळ्या कवितेत 'मी' नाही. मात्र दोनदा 'पैल' म्हणतो, तेव्हा तो ऐलतीरावर असणार. 'असला' म्हणताना पहिल्यांदा त्याचं बोट दिसतं. 'बघा, असला!' शिम असेल, पण सगळा दरवाजा तिच्यावर टेकलाय.


झेरॉक्सवाला | गुरुवार, दुपारी १२.१०

वृत्तातली कविता झाली. आमच्या पेपरात मर्ढेकर आहेत, आणि पुढे सगळा मुक्तछंद. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' इथंच मी अडकतो. ओल्या उंदिर? ओले उंदीर पाहिजे ना? छापण्याची चूक आहे असं समजून मी वहीत 'ओले' करून ठेवलं होतं.


मीना_मावशी | गुरुवार, दुपारी १.००

अरे देवा. आधी खोडरबर घे.

'ओल्या' हे सामान्यरूप आहे. ते 'पिपांत'ला लागतं: ओल्या पिपांत मेले उंदिर. पण कवीनं ते उचलून उंदरांच्या शेजारी ठेवलंय. व्याकरणानं ओल पिपाची, जागेनं उंदरांची. ओळ वाचताना तुला जे खटकलं ना, ते खटकण्यासाठीच आहे. ते दुरुस्त केलंस की गुळगुळीत ओळ उरते आणि कविता जाते. जिथं खटकलं तिथं पेन्सिलीनं टिंब करायचं, शब्द बदलायचा नाही. हे मी मुद्रितशोधक असून सांगतेय, माझा सगळा जन्म खटकलेलं बदलण्यात गेला.


भुईनळा | गुरुवार, दुपारी १.२५

पि-पां-त-मे-ले, आठ. ओ-ल्या-उं-दि-र, आठ. हा तर बालकवींचाच डबा! एकात झरा, एकात मेलेले उंदीर, चाल तीच. मी जेवण सोडून हे का करतोय?


सिन्नरकर | गुरुवार, संध्याकाळी ७.३०

मुक्तछंदाचं कोणी सांगा की. मलाही ओळ कुठं आणि का मोडते ते नीट कळत नाही. वाटतं, गद्यच आहे, एंटर मारत गेलेत.


मीना_मावशी | गुरुवार, रात्री ९.१५

पुष्कळदा तसंच असतं. नव्या संग्रहांतल्या निम्म्या ओळींना मोडायचं कारण नसतं, हे माझं मत आहे, कोणी भांडायला येणार असेल तर चहा मी देईन.

पण कारण असतं तेव्हा कसं कळतं ते सांगते. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर वॉचमन लिहितो: आज पाणी येणार नाही. ही कविता नव्हे, निव्वळ मनस्ताप आहे. आता ओळी मोडून बघ.

आज पाणी
येणार नाही

हा फलकच राहिला. आणि आता:

आज
पाणी येणार
नाही

दुसऱ्या ओळीच्या टोकाला डोळा पोचतो तेव्हा क्षणभर पाणी आलेलं असतं. बादल्या भरल्यात. मग खाली 'नाही'. मुक्तछंदात मात्रांचा ठेका सुटला, त्या जागी हे थांबे आले. म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाशी अर्धा श्वास थांबायचं आणि विचारायचं, इथवरच वाचलं असतं तर मी काय समजले असते?


सिन्नरकर | गुरुवार, रात्री ९.४०

मावशी, हे कोणी एमएला सांगितलं नाही.

अवांतर: आपल्या नाशकात कविता न वाचण्याची एक खास पद्धत आहे. कुसुमाग्रजांची 'कणा' ज्याला त्याला पाठ. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला दर शाळेत होते, शेवटची ओळ लोकांच्या स्टेटसवर असते. पण पाठ आहे म्हणूनच कोणी वाचत नाही. मी परवा पुन्हा वाचली तेव्हा 'गंगामाई'वर थांबलो. पुण्या-मुंबईचा वाचक उत्तरेतल्या गंगेचा विचार करील. आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडावर. पुरात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला सगळं गाव जमतं. त्या कवितेतला पूर मग माझ्या डोळ्यासमोर पुस्तकातला राहिला नाही. आमच्या मामांच्या भांडीबाजाराजवळच्या दुकानात पाणी शिरलं होतं, दोन दिवस गाळ उपसला, ते आठवलं.


अबोली_क | शुक्रवार, सकाळी ८.४५

सिन्नरकरदादा, हेच तर मी म्हणत होते! अनुभव!


तळटीप | शुक्रवार, सकाळी ९.१०

बरोबर, अबोलीताई. पण तो 'गंगामाई' या शब्दावर थांबल्यामुळे आला. डोळे उघडे होते.


अबोली_क | शुक्रवार, सकाळी ९.२०

बरं, अर्धं माझं, अर्धं तुमचं.


द्राक्षमळा | पुढचा मंगळवार, रात्री १०.३५

उशीर झाला, शनिवार-रविवार घरी गेले होते.

आधी खोलीतलं सांगते. मोठ्यानं वाचली. एक हसली, अपेक्षेप्रमाणे. दुसरी (ती कॉमर्सची आहे, उपजतवाली नव्हे) म्हणाली, पुन्हा वाच. मग म्हणाली, "मधल्या चार ओळी एकाच यमकाच्या आहेत. टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. 'कडे'पासून निघून 'कडे'वर येतं. सगळं कुठंतरी चाललंय, आणि हे झाड आधीच जाऊन बसलंय." मी सरांच्या क्रियापदांबद्दल तिला अक्षर सांगितलं नव्हतं.

घरी गेल्यावर फुगवट्याकडे गेले. उंबर पाण्यात होता. खरंच पाय सोडून बसल्यासारखा, घाटावर बायका बसतात तसा. यात कवीनं काही सजवलंय असं मला वाटेना.

'गोड काळिमा' मात्र सुटत नव्हता. मृत्यू वगैरे माझ्या तोंडून बरं वाटलं नसतं. आईला विचारलं. आई भाकऱ्या करत होती. काळं कधी गोड असतं का गं? तिला वाटलं मी खाण्याचं विचारतेय, म्हणाली काळा गूळ. मग ओळ म्हणून दाखवली. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "चैतात दुपारच्याला उन्हातनं येऊन द्राक्षाच्या मांडवाखाली शिरलं की डोळ्यापुढं घडीभर काळं होतं ना, काही दिसत नाही, पण बरं वाटतं. तसलं असेल."

मी हे वहीत लिहिलंय. शुक्रवारी इंटर्नल आहे.


झेरॉक्सवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०.५०

याला मार्क मिळतील का?


द्राक्षमळा | पुढचा मंगळवार, रात्री १०.५२

काय माहीत. पेपर मिळाला की कळवते. भुईनळाकाका, मधल्या काळात 'गोड काळिमा' किती मात्रा?


भुईनळा | पुढचा मंगळवार, रात्री १०.५३

आठ. हे काय विचारणं झालं?